राखणदाराला कोण सांगणार

बदनामीची मी जेवढी तयारी केली तेवढी पीएच.डी.ची केली असती तर आज नावाआधी डॉक्टर लागलं असतं. तरुणपणापासून मी धरूनच चालले होते की एक ना एक दिवस आमचं बिंग फुटणार, वाडीतली माणसं तोंड फिरवणार, भावकी वाळीत टाकणार, आणि मग मी अंगणात उभी राहून असं एक भाषण ठोकणार की ऐकणाऱ्यांच्या माना खाली जाव्यात. भाषण तयार होतं. दोन-तीन वर्षांनी मी त्यात सुधारणाही करत असे. ऐकायला मात्र कोणी येईना.

कारण आम्ही दोघी बायका एका घरात राहतो ह्यावरून कोणाला संशयच आला नाही. संशयाऐवजी आली कीव. एक कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी, लग्न न झालेली. दुसरी हायस्कुलात खेळ शिकवणारी, तीही लग्न न झालेली, आणि वर घाटावरची. बिचाऱ्या. एकमेकींना सोबत झाली, बरं झालं. फणस पिकला की गरे आमच्याकडे यायचे, कोणाकडे बांगडे जास्त आले की टोपभर आमच्या ओट्यावर. बिचारेपणाचं उत्पन्न वाईट नव्हतं, खोटं कशाला बोला. पण जी बाई आयुष्यभर स्वतःला समाजाच्या विरोधात उभी समजते, तिला समाजानं रोज गरे आणून द्यावेत, ह्यापेक्षा मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

मालवणच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला शिकवायचे. 'विचलन' हा माझा लाडका धडा. विचलन कृतीत नसतं, बघणाऱ्याच्या नजरेत असतं, असं मी फळ्यावर लिहायचे आणि खाली दोन रेघा ओढायचे. दशावतारात पुरुषानं लुगडं नेसलं तर आपण त्याला बक्षीस देतो, तोच बाजारात नेसून आला तर दगड मारतो, मग बदललं काय, लुगडं की आपण? पोरं माना डोलवायची. मग 'कलंक'. ठपका ज्याच्यावर बसतो त्याचा कसला अभ्यास करता, ठपका ठेवणाऱ्याचा करा, असं मी टेबलावर हात आपटून सांगायचे. आणि संध्याकाळी घरी आले की रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा नीट ओढलाय ना ते बघायचे. पडदाही साधासुधा नाही, कणकवलीहून मुद्दाम आणलेला, जाड. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिच्याबद्दल सांगायचं तर केस आखूड, अंगात ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी आणि बुडाखाली मोटारसायकल. तारकर्लीच्या वाटेवरच्या आमच्या घरापासून कट्ट्याच्या हायस्कुलापर्यंत ती रोज अशी सुसाट जायची. कोल्हापूरकडची, म्हणजे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात त्या मुलखातली. ती राहायला आली तेव्हा मी भाषणावरची धूळ झटकली. ह्या अवताराबद्दल कोणी ब्र काढला की बघतेच एकेकाला. वाडीतल्या बायकांनी तिला आठवडाभर नीट निरखून घेतलं आणि निकाल दिला की खेळाची बाई आसा ती, तशीच असतली. संपलं. केस, पँट, शिट्टी, मोटारसायकल, सगळं त्या एका नोकरीच्या पोटात गेलं, आणि तेव्हापासून ती अख्ख्या वाडीची 'खेळाची बाई' झाली. तिचा एकच गुन्हा गावानं माफ केलेला नाही. पहिल्या वर्षी तिनं बांगड्याच्या तिखल्यात दाण्याचं कूट घातलं होतं. ते आजही चार बायका जमल्या की निघतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. सगळ्या वाडीच्या पाट्यांवर 'फक्त फॅमिलीसाठी' असं लिहिलेलं, म्हणून मीही तसंच रंगवून घेतलं. ती पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आपण कुठं राहायचं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, उगाच फाटे फोडू नकोस, सगळ्यांचीच तशी आहे. त्याच पाटीखाली उभं राहून मी पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला तुमचं लग्न झालंय का असं विचारलं, आणि विचारताना माझा आवाज आमच्या प्राचार्यांसारखा लागला. ती घरातून ऐकत होती. त्या दिवशी जेवताना तिनं मला भाजी वाढली नाही.

हे सगळं असंच हसतखेळत चाललं असतं. पण ह्या वैशाखात ती विहिरीकडची चार पायऱ्यांची चढण चढून आली आणि ओट्यावर बसली ती उठेनाच. पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारी बाई, ओठ निळे पडलेले. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तारीख श्रावणाच्या शेवटची दिली, म्हणजे ती आता चार दिवसांवर आलीय. ह्या वयात धोका आहे, नाही असं मी म्हणणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण?

"शेजारीण," मी म्हणाले.

विचारसुद्धा केला नाही. हजेरी घेताना पोरं 'हजर' म्हणतात तसं तोंडातून निघून गेलं. डॉक्टर म्हणाले, मग तुम्ही जरा बाहेर बसा, घरच्या कोणाशी बोलायला हवं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आत त्यांनी तिच्या भाच्याला फोन लावला. तो कुठे हैदराबादला असतो, तिला दिवाळीला मेसेज पाठवतो. त्याला सगळं समजावून सांगितलं गेलं, आणि मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होते.

परतीच्या गाडीत तिनं खिडकीकडची जागा घेतली. घाटाचा उतार संपला तशी म्हणाली, "शेजारीण म्हणालीस. मधी एखादी भिंत तरी बांधायचीस."

मला इतकी लाज वाटली की मी चिडले. माझं असंच आहे. डॉक्टर फार आगाऊ होते, तिथे कशाला तमाशा, तुझीच तब्येत बिघडली असती, असं मी कुडाळ येईपर्यंत बोलत राहिले. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

आता इथे राखणीचं सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो रात्री काठी टेकत बागेतून फिरतो आणि घरातल्या माणसांवर लक्ष ठेवतो, असं म्हणतात. मी काही त्याला पाहिलेलं नाही. आमच्या भावकीत आषाढात, श्रावण लागायच्या आत, त्याला कोंबडा आणि नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चार माणसांसमोर मोठ्यानं बोलायचं. ह्या घरात कोण कोण आहे, त्यांना काय हवंय, काय चुकलं असेल ते पोटात घाल, असं एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायचं नसतं. म्हणून माझ्या घराचं गाऱ्हाणं माझा थोरला चुलतभाऊ घालतो. त्याचं घर कुंपणापलीकडेच, आणि भावकीत आता तोच सगळ्यात मोठा. मी त्याला दादा म्हणते. दरवर्षी तो माझं नाव घेऊन राखणदाराला सांगतो की ही आमची बाय, एकटी आसा, हिच्या घरादारार लक्ष ठेव. आणि दरवर्षी माझ्या बाजूला तांदूळ-नारळाचं ताट धरून ती उभी असते आणि मैदानावरच्या आवाजात सगळ्यांच्या वर 'होय म्हाराजा' म्हणते. आम्ही नंतर पोट धरून हसायचो. मी एकटी असल्याची एवढी मोठी साक्ष, आणि साक्षीदार कोण.

आषाढ लागला तेव्हा एकदा ती फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली की ह्या वर्षी गाऱ्हाण्यात मलाही घ्यायचं. मी हसले. म्हटलं, तू कधीपासून देवभोळी झालीस? ती काही देवभोळी नाही. उपास करत नाही, देवळात गेली तर घंटा वाजवून परत येते. तिनं सुरी खाली ठेवली.

"ऑपरेशनमधनं उठलो तर बरंच की," ती म्हणाली. "न्हाई उठलो तर, मी ह्या घरातली होतो असं चार माणसांसमोर एकदा कुणीतरी बोललेलं मला ऐकायचंय. तुझ्याच्यानं ते व्हायचं न्हाई. तुझ्या दादाला बोलू दे."

मी उरलेल्या आठळ्या सोलायला घेतल्या.

दुसऱ्याच संध्याकाळी आंब्याचं साठ, म्हणजे वाळवलेली पोळी, घेऊन मी दादाकडे गेले. साठ म्हणजे त्याचा जीव की प्राण. आम्ही काजूच्या मोहोराबद्दल बोललो, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललो, त्याच्या गुडघ्याबद्दल तर सविस्तर बोललो, आणि मी घरी आले. झालं का, तिनं विचारलं. मी म्हणाले, आज त्याचा मूड बरा नव्हता. मूड अगदी छान होता. साठ खाऊन तो गाणं गुणगुणत होता. तिला ते कुंपणावरून ऐकू येत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चप्पल न काढताच त्याच्या पडवीत उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. तिचं ऑपरेशन आहे, म्हणून ह्या वर्षी राखणीला तिचंही गाऱ्हाणं घाल. दादा सुपारी कातरत होता, त्याचा अडकित्ता थांबला. तिच्या गावाला तिचा राखणदार नाही का, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, तिकडे तिचं आता कोणी नाही. मग त्यानं विचारलं की तिला पाहुणी म्हणून घालायची की घरातली म्हणून? पाहुणी म्हणून घालायची तर काही अडचण नाही, पाहुण्याचंही राखणदार बघतो.

एवढा सोपा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायच्या. आणि मी काय बोलले? मी म्हणाले, तुला बरं वाटेल तसं.

दादा म्हणाला, तसं चालायचं नाही, ते तूच सांगायचं. आणि घरातली म्हणून घालायची असेल तर त्याला विचार करावा लागेल, भावकीला विचारावं लागेल.

भावकी! सांगू का, ऐकून मला आतून बरंच वाटलं. आला एकदाचा तो दिवस. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तो समाज शेवटी अडकित्ता हातात घेऊन समोर बसला होता. मी तरातरा घरी आले. बघून घेईन एकेकाला, म्हणाले. भावकीला विचारणार म्हणे, हे कोण टिकोजीराव लागून गेले! पुढचे काही दिवस मी अंगणात येरझाऱ्या घालत भाषण घासूनपुसून लख्ख केलं. कलंक आला, विचलन आलं, कुटुंबसंस्थेचा इतिहासही थोडक्यात आला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, मासेवालीच्या टोपलीपाशी भेटली आणि माझ्याकडे न बघता बांगडे निवडत राहिली. हा बहिष्कार, मी मनात नोंद केली. तिन्हीसांजेला दादाच्या पडवीत भावकीतले पुरुष बसलेले दिसले, मी कुंपणाशी गेले तसे गप्प झाले. ही जातपंचायत. घरी येऊन मी तिला ते तावातावानं सांगत असे आणि ती उशीला टेकून ऐकत असे. तिला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं.

भाषणाचं काही करू नकोस, एवढंच ती म्हणायची. घरातली आहे, एवढं एक बोल. मी म्हणाले, तू समजतेस तेवढं सोपं नाही, ह्याला बरेच पदर आहेत. न्हाईत, ती म्हणाली.

राखणीच्या दिवशी बागेच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या धोंड्यापाशी आम्ही जमलो. दादा, त्याचे दोन भाऊ, वहिनी, शेजारची तीन-चार माणसं आणि छत्र्या. दादा त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, त्यामुळे तो काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. ताट तिनंच धरलं होतं. मी म्हटलं दे माझ्याकडे, तर दिलं नाही. दादानं हात जोडले आणि सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या नावान कोंबो-नारळ दिलेलो आसा, तो मान्य करून घे. होय म्हाराजा. बागायतीर, गुरांढोरांर, येणाऱ्या-जाणाऱ्यार नजर ठेव. होय म्हाराजा. मग माझं नाव घेऊन, ही आमची बाय, असं म्हणाला आणि थांबला.

थांबला आणि माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन श्वास बघितलं. आता सांग, असंच ते बघणं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. मी कोंबड्याकडे बघितलं. कोंबड्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बागेत आमच्या दोघांइतकं घाबरलेलं कोणी नव्हतं.

"ही एकटी आसा," दादा पुढे म्हणाला.

सगळे म्हणाले, होय म्हाराजा. तिचा आवाज त्यात नव्हता. इतकी वर्षं सगळ्यांच्या वर जाणारा आवाज, तो आलाच नाही, आणि तेवढ्यानं ते 'होय म्हाराजा' केवढं बारीक झालं. मी बाजूला पाहिलं. ताट कललं होतं, त्यातले तांदूळ कडेवरून सांडत होते आणि ती ते सांडू देत होती.

"एकटी नाय," मी म्हणाले.

गाऱ्हाण्यात बाईमाणूस मध्ये बोलत नाही. मला आठवतंय तेव्हापासून कोणी बोललेलं नाही. वहिनीनं पदर तोंडाशी नेला. दादा रागावला नाही. हात तसेच जोडलेले ठेवून त्यानं फक्त 'मगे?' असं विचारलं.

आणि माझं भाषण? कप्पाळ! एक शब्द आठवेल तर शपथ. इतिहास नाही, कलंक नाही, काही नाही. तोंडातून आली ती लहानपणची मालवणी, आणि तीही फाटक्या आवाजात.

"ती आसा. ती ह्या घरातली आसा. आमची एकच चूल."

घरात चूल नाही, गॅस आहे, हे मला बोलल्यावर सुचलं. शिक्षिकेचा जन्म वाया जात नाही. मी श्वास धरून उभी राहिले. आता आभाळ कोसळायचं तर कोसळू दे, म्हटलं. दादा धोंड्याकडे वळला, खाकरला, आणि अर्जातली चूक दुरुस्त करावी तशा आवाजात म्हणाला, तर म्हाराजा, चुकला ता पोटात घाल. ह्या घरात दोन माणसां आसत. एक आमची बाय, एक खेळाची बाई. एकच चूल. तिचा काळीज दुरुस्त करूचा आसा, थंय तू उभो रव.

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. आंब्याच्या मोहोराला म्हणतात त्याच आवाजात. गुरांच्या खुरांना म्हणतात त्याच आवाजात. माझ्या आयुष्याचं गुपित, ज्याच्यासाठी कणकवलीहून पडदा आणला, ते नारळ फोडायच्या आधी एका होकारात निकालात निघालं. मागून एकानं विचारलं की राखणदाराची हद्द वाडीपुरतीच ना, तो घाट चढून कोल्हापूरला जाईल का? दादानं त्याला गप्प बस म्हणून सांगितलं. मग कोंबडा साफ करायचा कोणी ह्यावर जास्त वेळ चर्चा झाली. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, आणि खरं सांगते, मला थोडं वाईट वाटलं.

तिच्याकडे बघितलं तर ती ताटातले उरलेले तांदूळ बोटानं सारखे करत होती. चेहरा मैदानावर पोरं जिंकून आल्यावर व्हायचा तसा. माझ्या पायावर तिनं आपला पाय ठेवला आणि दाबला. सगळ्यांसमोर.

जेवणं झाली. वडे आणि कोंबड्याची सागोती, वहिनीनंच रांधलेली. पण वाढताना वहिनी खेळाच्या बाईच्या पानाशी जरा घुटमळली. शेजारची एक बाई तर हात न धुताच निघून गेली. तेव्हा सगळं गोडगोड झालं असं काही मी सांगत नाही. फणसाचे गरे ह्यापुढे येतील की नाही, मला शंका आहे.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो होतो. दादा आला, पायरीवर टेकला आणि पान जुळवता जुळवता तिच्याशी बोलायला लागला, माझ्याशी नाही. म्हणाला, आता गाऱ्हाण्यात घरातली म्हणून आलीस, तर तुला सुतक लागू झालं. भावकीत कोणी गेलं तर तुला दहा दिवस पाळावं लागेल. तिनं मान हलवली, पाळेन म्हणाली.

मी मध्ये पडले. हेच विचारायला भावकी बसवली होतीस? मग काय, दादा म्हणाला. ऑपरेशन श्रावणाच्या शेवटी. चवथ तोंडावर. उद्या काही कमीजास्त झालं तर तिचं सुतक सगळ्या भावकीला, म्हणजे एकाही घरात गणपती बसणार नाही. पोरं मुंबईहून यायची आहेत, गणपतीच्या शाळेत मूर्ती सांगून झाल्यात. एवढ्या मोठ्या गोष्टीला न विचारता कसं हो म्हणायचं? वहिनीचं मत पाहुणी म्हणून घालावी असंच होतं. त्यावरून दोन दिवस तिनं त्याच्याशी अबोला धरला होता.

म्हणजे तो बहिष्कार, ती जातपंचायत, सगळं गणपतीसाठी! आठवडाभर ती माणसं बसून हिच्या मरणाचा आणि चवथीचा हिशोब जुळवत होती, आणि माझ्यावर कोणी एक मिनिट घालवलं नव्हतं. तरी मी विचारलंच, दादा, बाकी काही तुला विचारायचं नाही? त्यानं पानाला चुना लावला, घडी घातली, तोंडात टाकलं. बाकीचा आमी इचारूक नाय, म्हणाला, नि इचारूचा पण नाय.

ह्या एका वाक्यावर मी पन्नास गुणांचा पेपर काढू शकले असते. दार उघडलं की लावलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला आनंद झाला आणि तितकाच रागही आला. मी तोंड उघडणार एवढ्यात ती बोलली.

"आणि भाऊ, मी गेलो तर?"

दादाला ते अपेक्षित नव्हतं. त्यानं मान खाली घातली, गुडघा चोळला. 

"तर आमी सुतकात बसतलव," तो म्हणाला. "सगळी भावकी. चवथ असली तरी."

डॉक्टरांसमोर ती रडली नव्हती. भाच्याच्या फोननंतर नाही, घाटात नाही, आठळ्या सोलताना नाही. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलंच नव्हतं, मला वाटायचं ती रडणाऱ्यांतली नाहीच. ती पडवीत बसल्या बसल्या मोठ्यानं रडायला लागली, पोरं रडतात तशी, नाक-डोळे न पुसता. मी तिचा हात धरला, दादाच्या समोर, आणि सोडला नाही.

दादा गडबडून उठला. पान तसंच गालात, छत्री उलटी धरलेली. पायरी उतरला, परत वळला, तिच्याशी बोलायचा धीर होईना म्हणून मला म्हणाला, "तिका सांग गो, मरू नको म्हणान. गणपती सांगान ठेवलेले आसत."

मी तिला तसं सांगितलं.